तीन मीटर उंच गाडी आणि मोटारीचे नकाशे : नाशिकहून कॅम्पर घेऊन निघताना

आमची गाडी म्हणजे फोर्स ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून आत दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि छोटं टॉयलेट करून घेतलंय, कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे कुठल्याही हॉटेलचे जिने चढवत नाहीत. नवरा गाडी चालवतो, रस्ता मी बघते. टपावरचा एसी आणि सोलर पॅनल धरून टेपने मोजलं, तर उंची तीन मीटरला जेमतेम कमी भरली. नेव्हिगेशनबद्दलचं माझं सगळं मत या आकड्यावर उभं आहे, कारण आपल्याकडची बहुतेक ॲप्स तुम्ही मोटारीत बसला आहात असंच धरून चालतात.

खास आरव्हीसाठीची, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या अशा गाड्यांसाठीची, रस्ता दाखवणारी यंत्रं परदेशात मिळतात. गार्मिन कंपनीची वेगळी मालिकाच आहे. गाडीची उंची, लांबी, वजन भरलं की ती कमी उंचीचे पूल टाळून रस्ता काढते. आरव्ही लाइफ हे ॲप तर गॅस सिलिंडर घेऊन कुठल्या बोगद्यात जायला बंदी आहे हेही पाहतं. पण यांचा कारभार अमेरिका, कॅनडा, युरोप अशा तिकडच्या नकाशांवर चालतो. कुणी नातेवाईक येताना आणून देतो म्हणाला, तरी पैसे घालवू नका.

आता इथलं. गूगल मॅप्सवाचून चालत नाही, आणि त्याचं मुख्य कारण ट्रॅफिक. लासलगावला कांद्याची आवक जोरात असली की त्या बाजूच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. नकाशावर गर्दीची लाल रेघ घरातूनच दिसली की आम्ही चहा घेऊन तासाभराने निघतो. एका प्रवासात नऊ थांबे घालता येतात, मुक्कामाच्या जागा आणि पाणी भरून देणारे पंप यांची यादी करून ठेवता येते. मात्र गाडीची उंची-रुंदी सांगायची सोय त्यात नाही. वेळही तो मोटारीचीच धरतो. घाट असेल तर मी त्याने सांगितलेल्या वेळेत पाव भाग आणखी मिळवते.

गूगलमधली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे स्ट्रीट व्ह्यू, रस्त्यांचे प्रत्यक्ष फोटो दाखवणारी सोय. २०२२ मध्ये ते भारतात नव्याने सुरू झालं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत आपलं नाशिक होतं. याचा फायदा कॅम्परवाल्यांनी पुरेपूर घ्यावा. शहरातून बाहेर पडायच्या वाटेवर कुठे बोगदा आहे, त्याच्या अलीकडे आडवा लोखंडी बार आहे का, पिवळ्या पाटीवर किती मीटर लिहिलंय, वडाच्या फांद्या कुठे रस्त्यावर उतरल्यात, हे सगळं आदल्या रात्री पलंगावर पडून बघता येतं. फोटो कुठल्या महिन्यातला आहे तेही तिथे लिहिलेलं असतं, ते आवर्जून बघा. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते खणले जातायत. जुन्या फोटोतला रस्ता आज तसाच असेल याचा भरवसा नाही.

खेड्यापाड्यात रेल्वेची फाटकं बंद करून त्या जागी भुयारी मार्ग झालेत. मोटार सहज जाते म्हणून ॲप सरळ तिकडे वळवतं. नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जाताना एका ॲपने आम्हाला 'सहा मिनिटं वाचतील' म्हणून द्राक्षबागांमधल्या शिवार रस्त्यावर घातलं. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, वर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, आणि समोरून द्राक्षांचे क्रेट भरलेला पिकअप. नवऱ्याला गाडी रिव्हर्समध्ये बांधाबांधाने मागे घ्यावी लागली. सासूबाई आत पलंगाची कड घट्ट धरून बसल्या होत्या. तेव्हापासून वाचणाऱ्या मिनिटांचा सल्ला आमच्या गाडीत कुणी ऐकत नाही.

यावर मला सापडलेलं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे ऑस्मअँड हे ॲप. ते ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालतं. त्यात ट्रकचा प्रोफाइल निवडून आपल्या गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन भरायचं. ज्या पुलाची उंची नकाशात नोंदलेली आहे आणि आपल्याला कमी पडते, तिथून ते आपल्याला नेत नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून घेता येतात, त्यामुळे मोखाडा-जव्हारकडे किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला रेंज गेली तरी रस्ता चालू राहतो. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. तो सिग्नल उपग्रहाकडून येतो, नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला. हे सांगितल्यावर अजूनही लोकांना नवल वाटतं.

ऑस्मअँड दिसायला किचकट आहे. पहिली संध्याकाळ सेटिंग समजून घेण्यात जाते, फुकट आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादा आहे, आणि ट्रॅफिकसाठी गूगल लागतंच. त्याहून मोठी उणीव माहितीची. नोंदलेली नाही ती उंची त्याला कळणार कशी? आणि आपल्या जिल्ह्यात नोंदी फार थोड्या. पण हा नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला आहे, आपणही भरू शकतो. मी आता दिसेल ती उंचीची पाटी टिपून घरी आल्यावर नोंदवते. नियम एवढाच, की माहिती स्वतः पाहिलेली हवी, गूगलवरून उतरवलेली चालत नाही.

मॅपमायइंडिया कंपनीचं मॅपल्स हे ॲप शहरात बरं. महामार्गावर उड्डाणपुलावर चढायचं की खालच्या सर्व्हिस रोडने नाशिकच्या द्वारका चौकात जायचं, हे ते चौकाचं चित्र दाखवून सांगतं. लांब गाडीला लेन बदलायला आधीपासून जागा लागते, म्हणून हे चित्र उपयोगी पडतं. गूगलही २०२४ पासून उड्डाणपुलाची सूचना देऊ लागलंय. टोलचा आकडा दोन्हीकडे दिसतो, पण तो बहुधा मोटारीचा असतो. गाडी मिनीबस वर्गात असेल तर टोल जास्त बसतो, खर्चाचा हिशेब तसा करा.

मुंबईकडे जाताना ॲप कसारा घाट दाखवो की आणखी काही, आम्ही इगतपुरीहून समृद्धीच धरतो. आमणेपर्यंतचा तो टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. टोल पडतो, पण घाटाच्या वळणांवर कपाटाची दारं उघडून डबे खाली येत नाहीत. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल मिळत नाही, नकाशावरचा ठिपका अंदाजाने सरकतो. आत कुठे वळायचं नसल्यामुळे त्याचं काही अडत नाही.

नवीन गाडी करून घेणाऱ्यांना माझं सांगणं : वेगळं यंत्र घेऊ नका. एका फोनवर ट्रॅफिकसाठी गूगल, दुसऱ्या जुन्या फोनवर ऑस्मअँड, दोन्हींना चार्जिंगची स्वतंत्र वायर. दोघांचं जमलं नाही तर आम्ही ऑस्मअँडचं ऐकतो. तेही शंकास्पद वाटलं, तर गाडी कडेला घेऊन ट्रकवाल्याला विचारतो, 'दादा, तीन मीटरची गाडी जाईल का?' मुख्य म्हणजे टपावर काहीही नवीन बसवलं, की उंची पुन्हा मोजा आणि प्रोफाइलमध्ये बदला. स्टिअरिंगसमोर मोठ्या अक्षरात तो आकडा चिकटवा, म्हणजे एखाद्या दिवशी दुसरं कुणी चालवत असेल तरी त्याच्या डोळ्यांसमोर राहील.