चालू गेममध्ये कोड बदलायचाय: डीएलएल की लुआ?

उडी किंचित उंच करायची, तर गेम बंद करा, कंपाइल करा आणि पुन्हा त्याच दरीपर्यंत खेळत जा. हा फेरा टाळायला सी++ मध्ये स्वतःचं इंजिन लिहिणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन वाटा आहेत: डीएलएल (चालू प्रोग्रॅममध्ये लोड करता येणारी, कंपाइल केलेल्या कोडची वेगळी फाइल) आणि लुआ (गेममध्ये बसवता येणारी छोटी स्क्रिप्टिंग भाषा). फक्त आकडेच बदलत असतील तर दोन्ही नकोत; ते टेक्स्ट फाइलमधून वाचा.

डीएलएलच्या वाटेत विंडो, इनपुट आणि गेमची सगळी मेमरी मुख्य प्रोग्रॅमकडे राहते, नियम डीएलएलमध्ये जातात. मुख्य प्रोग्रॅम दर फ्रेमला तिच्यातलं अपडेट फंक्शन मेमरीचा पॉइंटर (पत्ता) देऊन बोलावतो. फाइल बदलली की जुनी डीएलएल सोडून नवी लोड करतो. वेग पूर्ण सी++चा, डीबगरही नेहमीचाच.

खाचखळगे मात्र इथेच जास्त. विंडोजवर लोड झालेली डीएलएल लॉक होते, लिंकरला (कंपाइल झालेले तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या टूलला) ती लिहिता येत नाही. म्हणून तिची कॉपी करून कॉपीच लोड करा. डीबगर जोडलेला असेल तर पीडीबीही (डीबगरसाठीची माहिती असलेली फाइल) अडकते, तेव्हा दर बिल्डला तिचं नाव वेगळं ठेवा. लिनक्सवर चालू .एसओ फाइल (डीएलएलचाच तिथला प्रकार) जागच्या जागी ओव्हरराइट केली तर गेम क्रॅश होऊ शकतो. नवी फाइल शेजारी बनवून मग तिचं नाव बदला.

खरा त्रास स्टेटचा, म्हणजे गेमच्या त्या क्षणीच्या माहितीचा. डीएलएलमधले ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल रीलोडनंतर मूळ किमतीवर येतात. व्हर्च्युअल फंक्शनवाल्या ऑब्जेक्टचे व्हीटेबल पॉइंटर (फंक्शनच्या पत्त्यांच्या तक्त्याकडे नेणारे) काढून टाकलेल्या डीएलएलकडेच बोट दाखवत राहतात. स्ट्रिंग लिटरलच्या पॉइंटरचंही तेच. त्यामुळे स्टेटमध्ये साधे स्ट्रक्ट (फक्त माहितीचे गठ्ठे) ठेवा आणि फंक्शन पॉइंटरऐवजी इनम (नाव दिलेले आकडे). स्ट्रक्टच्या मधे नवं फील्ड घातलं की जुनी मेमरी चुकीच्या ऑफसेटने वाचली जाते. अशा बदलानंतर लेव्हल नव्यानेच सुरू करावी लागते.

लुआमध्ये कंपाइलची वाट पाहणं नाही. सिंटॅक्स चुकला तरी लुआचं लोडफाइल हे फंक्शन एरर परत देतं आणि जुना कोड चालत राहतो. हे सुख मोठं आहे. पण पॅकेज.लोडेडमधली (लुआने लोड केलेल्या फाइलींच्या यादीतली) नोंद निल, म्हणजे रिकामी, करून पुन्हा रिक्वायर करणं पुरत नाही, कारण इतर फाइलींनी लोकलमध्ये धरलेलं टेबल जुनंच राहतं. नवी फंक्शनं त्या जुन्या टेबलातच भरा, म्हणजे ते मेटाटेबल (वागणं ठरवणारं टेबल) म्हणून वापरणारे आधीचे शत्रूही नव्या नियमांनी वागू लागतात. थेट लोकलमध्ये घेतलेलं फंक्शन मात्र यानंतरही जुनंच राहतं. शिवाय सी++शी जोडणारी बाइंडिंग्ज लिहावी लागतात आणि गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) सांभाळावा लागतो.

स्वतःच्या इंजिनऐवजी अनरियल हे तयार इंजिन वापरत असाल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ11 ने लाइव्ह कोडिंग (एडिटर चालू असतानाच कोड बदलणं) चालतं. फंक्शनच्या आतल्या बदलांसाठी ते छान आहे. हेडर (क्लास आणि फंक्शन जाहीर करणारी फाइल) बदलला तर एडिटर बंद करून बिल्ड करा.

टक्कर, फिजिक्स, रेंडरिंगवर काम असेल तर डीएलएल घ्या. शत्रूंचं वागणं, संवाद, मोहिमा रोज बदलत असतील, त्यातही त्या लिहिणारा माणूस सी++वाला नसेल, तर लुआ. एकट्याचा छोटा गेम पूर्ण सी++ मध्ये असेल तर बाइंडिंग्जमध्ये शिरू नका, डीएलएलच बरी. फक्त मुख्य प्रोग्रॅम आणि नियम यांची ही विभागणी पहिल्याच आठवड्यात करा, कारण विखुरलेले ग्लोबल नंतर गोळा करणं फार जड जातं.