लाल ड्रॅगनचा चौथा खंड: काही महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकते, पुढे सगळं फोडलेलं आहे. ज्यांना 'डेलिशस इन डंजन' कोरं वाचायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. ड्रॅगन मरतो की नाही हे आधी कळलं तरी ज्यांची झोप उडत नाही, त्यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. तसंही या लढाईची गंमत ड्रॅगन मरण्यात नाही. तो मारताना कुणाकुणाची किती अब्रू जाते, ते बघण्यासारखं आहे.

वस्तूची माहिती थोडक्यात. रिओको कुई या जपानी चित्रकर्तीची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'हार्ता' या नियतकालिकात 2014 ते 2023 या काळात क्रमशः आली. 97 भाग, एकूण 14 खंड. माझ्याकडे येन प्रेसची इंग्रजी आवृत्ती आहे. पहिले तीन खंड भाच्याचे, चौथा मी स्वतः घेतला. "मावशी, यात स्वयंपाक आहे, तुला आवडेल," असं म्हणून त्याने पहिला खंड हातात ठेवला होता. या वाक्याबद्दल त्याचा कान पिळायला हवा होता, पण तेवढ्यात माझा पहिला भाग वाचून संपला.

चौथा खंड पावसाळ्याच्या तोंडावर आला, आता दिवाळीचा फराळही संपला. या मधल्या काळात तो डोंबिवली-दादर लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, असा सगळीकडे वापरून झाला. विनोदी पुस्तकाची खरी परीक्षा पहिल्या वाचनात होतच नाही. पहिल्यांदा माणूस कशालाही हसतो. विनोद पुढे काय येणार हे पाठ झाल्यावरही चालतो का, ते बघावं लागतं.

प्रसंग असा. राक्षसी प्राण्यांनी भरलेल्या भुयारात, म्हणजे नावातल्या त्या डंजनात, पहिल्याच भागात नायक लायोसच्या बहिणीला, फालिनला, लाल ड्रॅगन गिळतो. का? तर टोळी उपाशीपोटी लढायला उभी राहिली होती आणि लायोसचं लक्ष भुकेकडे होतं. गिळली जात असतानाही फालिन मंत्र म्हणून बाकीच्यांना सुखरूप बाहेर पाठवते. आता तिला परत आणायचं तर ती ड्रॅगनच्या पोटात पचून जायच्या आत पोचायला हवं. पैसे नाहीत, दोन साथीदार सोडून गेलेले. मग शिधा विकत घेण्याऐवजी वाटेत भेटणारे राक्षसी प्राणीच शिजवून खायचे, असं ठरतं. या भुयारात मेलेल्याला मंत्राने उठवता येतं, त्यामुळे मढी शोधून वर आणणं हा तिथे रीतसर धंदा आहे. भुयारात उतरायचं, टोळी बांधायची, मेलेल्याला पैसे मोजून जिवंत करायचं, हा सगळा संसार 1981 च्या 'विझर्ड्री'सारख्या जुन्या संगणक खेळांमधून आलेला. फरक एवढाच, की त्या खेळांत टोळी जेवते काय, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

तर तीन खंड विंचू, अळंबी, चालतं-फिरतं चिलखत वगैरे खाऊन झाल्यावर चौथ्यात एकदाचा तो ड्रॅगन समोर येतो.

टोळी काय आहे ते लक्षात घ्या. लायोस लढवय्या आहे खरा, पण त्याला राक्षसी प्राण्यांचं इतकं वेड, की शत्रू समोर आला की भीतीच्या आधी कौतुक उमटतं. मार्सिल ही एल्फ, म्हणजे परीकथांतल्या लांब कानांच्या जातीची, शिकलेली जादूगार. चिलचक कुलपं आणि सापळे उघडणारा, दिसायला पोरगेला पण प्रत्यक्षात संसारी बाप्या. त्याचं म्हणणं स्वच्छ: माझा करार कुलपांचा आहे, लढाईचा नाही. आणि सेन्शी, दाढीवाला ड्वार्फ, म्हणजे बुटक्या जातीचा, आचारी. पहिल्या वेळी सहा जण होते, तरी हरले. आता चार, त्यातला एक स्वयंपाकी आणि एक कराराकडे बोट दाखवणारा.

लढाईआधीचा बेत आखण्याचा प्रसंग हा माझ्या मते खंडातला सर्वांत टिकाऊ भाग. एरवी अशा कथांत बेत आखत नाहीत. नायक ओरडतो, वारा सुटतो, केस उभे राहतात. इथे मंडळी बसून ड्रॅगनची शरीररचना समजून घेतात. त्याच्या गळ्याखाली एक खवला उलटा असतो, तिथे वार केला तरच उपयोग. ही कल्पना कुईबाईंची नव्हे. 'हान फेइझी' या इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या चिनी ग्रंथात ती आहे. ड्रॅगन माणसाळतो, त्याच्यावर बसताही येतं, पण गळ्याखालच्या उलट्या खवल्यांना हात लावलात तर मेलात. राजाला सल्ला देणाऱ्याने राजाचा असा उलटा खवला ओळखून असावं, हा तिथला उपदेश. दोन हजारांहून अधिक वर्षं जे मुत्सद्द्यांना राजदरबारात सांभाळून बोलायला शिकवलं गेलं, ते लायोस अक्षरशः घेतो आणि म्हणतो, बरं, म्हणजे तलवार इथे खुपसायची. कचेरीत साहेबांना रजा मागायला जाताना मला हे पान आठवतं.

बेत असा, की पडक्या नगरातल्या अरुंद जागेत ड्रॅगनला ओढून आणायचं, वरचं बांधकाम त्याच्या अंगावर पाडायचं, तो अडकला की गळ्याखाली वार. कागदावर उत्तम. सगळ्यांना पटतो. वाचकालाही पटतो, आणि तिथेच कळतं की हे होणार नाही.

दगड पडतात, धूळ उडते आणि ड्रॅगन त्यातून उठून उभा राहतो.

इथून पुढची पानं मी सर्वांत जास्त वेळा उघडली, आणि हसू अजून येतं, कारण प्रत्येक शूर गोष्ट नेमकी कामाच्या वेळी दगा देते. लायोसच्या तलवारीचंच घ्या. मागे खाऊन संपवलेल्या त्या जिवंत चिलखतातली ही तलवार. धातूच्या वेशातला शिंपल्यासारखा प्राणी तिच्यात अजून जिवंत आहे. लायोसने तिचं नाव केन्सुके ठेवलंय, गुपचूप पाळलीय, लाड केलेत. धोका जवळ आला की ती थरथरते, म्हणजे सावध करायला उपयोगी, असं त्याचं समर्थन. आता खरा ड्रॅगन समोर, वार करायचा क्षण, आणि केन्सुके मालकाच्या हातातून उडी मारून पळ काढतो. तलवार रणांगण सोडून जाते! आजवर पळालेले सैनिक खूप वाचले, पळालेलं हत्यार पहिल्यांदाच. तरी मला केन्सुकेचा राग येत नाही. त्या चौघांत परिस्थितीचं अचूक आकलन त्याचंच होतं.

मग कामाला काय येतं? सेन्शीची भांडी. त्याची ती रुंद कढई मुळात ॲडमंटची, म्हणजे अशा कथांतल्या अतिकठीण धातूची ढाल होती, त्याने तिचं भांडं केलं. त्याची सुरी मिथ्रिलची, तोही असाच दुर्मीळ काल्पनिक धातू. दुसऱ्या कुठल्याही कथेत या सुरीसाठी तीन खंडांची यात्रा आणि दोन गुरू खर्ची पडले असते. सेन्शी तिने भाजी चिरतो. पहिल्या खंडांत हे बघून लायोसची जी घालमेल होते ती वाचकाचीही होते, पण इथे कुईबाई हिशेब पुरा करतात. आगीच्या लोटापुढे उभी राहते ती कढई. आणि ड्रॅगनच्या डोळ्यात जाऊन रुतते ती स्वयंपाकघरातली सुरी. फेकणारा कोण? चिलचक. करारात लढाई नसलेला. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी शौर्य वगैरे काही नाही, जास्तीच्या कामाचे पैसे कोण देणार हा भाव मला तरी स्पष्ट दिसतो.

शेवटचा वार लायोसचाच, पण कसा? गळ्याखालच्या त्या खवल्यापर्यंत हात पोचत नाही. तेव्हा हा गृहस्थ विचार करतो, की ड्रॅगनने मला तोंडात धरलं तर मी आपोआप गळ्याजवळ जाईन. आणि तो पाय जबड्यात देतो. मुद्दाम. पहिल्या वाचनात मी दचकले होते. नंतरच्या वाचनांत लक्षात आलं, की या माणसाच्या स्वभावाचं याहून नेमकं चित्र काढता येणार नाही. ड्रॅगन चावतो म्हणजे नेमकं काय होतं, हे जाणून घ्यायची इच्छा त्याला लहानपणापासून असणार. मार्सिल नंतर मंत्राने पाय ठीक करते आणि करताना जी बडबडते ती आमच्या घरात चालणाऱ्या भाषेच्या फार जवळची आहे.

आता उणिवा. धुळीच्या आणि पडझडीच्या काही चौकटी इतक्या गिचमिड आहेत, की कोण कुठल्या गच्चीवर उभं आहे हे समजायला मान तिरकी करावी लागते. कुई एरवी जागेचा नकाशा डोक्यात ठेवून काढतात, त्यामुळे हे जास्त खटकतं. दोन पानांवर पसरलेली चित्रं बांधणीच्या खाचेत जातात. ड्रॅगनचा मधला भाग बघायला पुस्तक दाबून उघडावं लागतं, आणि दाबलं की कणा कुरकुरतो. माझ्या प्रतीची दोन पानं आता सुटायच्या बेतात आहेत. अक्षरही बारीक, विशेषतः कोपऱ्यातल्या टिपांचं. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी संध्याकाळच्या लोकलमध्ये हा प्रयोग करू नये. किंमत आपल्याकडच्या पुस्तकांच्या मानाने बरीच आहे आणि ज्या विक्रेत्याकडून मागवलं त्याने कोपरा दुमडलेली प्रत पाठवली, ते वेगळं.

वाचायची दिशा उजवीकडून डावीकडे, हे सवयीचं होतं. आमच्याकडे मात्र ह्यांनी न विचारता खंड उचलला, आपल्या पद्धतीने डावीकडून उघडला आणि बराच वेळ गंभीरपणे वाचत बसले. शेवटी म्हणाले, "आधी त्याला खातात काय, मग मेलेला उठवतात काय, आणि शेवटी सगळे मिळून त्याच्यासमोर बसून चर्चा करतात. चांगलं आहे की." मी काही बोलले नाही. त्यांना पुस्तक आवडलं होतं.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा. त्यांनी फक्त जेवणाची पानं बघितली. "अगं, एवढं मोठं जनावर, आणि मसाला कसला तो? मीठ तरी कधी घातलं?" मी साहित्याची यादी वाचून दाखवली. त्यावर त्यांचं मत पडलं, की तो दाढीवाला कामाचा माणूस आहे, बाकीच्यांनी त्याचं ऐकावं.

त्यांनी बघितलेली पानं लढाईनंतरची. आणि इथे मला या खंडाबद्दल थोडं गंभीर लिहावं लागेल, कारण ड्रॅगन पडल्यावर विनोद थांबतो. पोट फाडल्यावर फालिन सहज सापडत नाही. जे मिळतं ते केसांचा गोळा आणि हाडं, आणि त्या हाडांत ड्रॅगनने खाल्लेल्या लांडग्यासारख्या जनावरांचीही हाडं मिसळलेली. मग लायोस आणि मंडळी एकेक हाड उचलून बघतात, हे माणसाचं, हे जनावराचं. तीन खंड ज्या ज्ञानावर आपण हसलो, कुठल्या प्राण्याचा कुठला अवयव कसा असतो, तेच ज्ञान इथे एक भाऊ बहिणीचा सांगाडा जुळवायला वापरतो. हे पान मी लोकलमध्ये वाचत नाही. मार्सिल त्यानंतर जी निषिद्ध जादू करते तिच्याबद्दल फार सांगत नाही, फक्त तिला मांस लागतं आणि मांस म्हणून समोर ड्रॅगन असतो, एवढं पुरे. फालिन उठते. मग सगळे मिळून उरलेला ड्रॅगन खातात, भाजलेलं मांस आणि शेपटीचं सूप. पुढे दहा खंड आहेत हे विसरून मीही त्यांच्याबरोबर सुखावले होते. ज्या कामासाठी निघाले ते चौथ्यातच झालं, मग दहा खंड कशाला, हा प्रश्न पडायला हवा होता. भाचा नुसता हसत होता.

कोणत्या गमती झिजल्या? मार्सिलचं प्रत्येक नव्या पदार्थाला किंचाळणं आता मी नजर न थांबवता ओलांडते. लायोसची ड्रॅगनकडे बघतानाची ओशाळी खुशी मात्र दर वेळी नव्याने सापडते, कधी कधी मागच्या कोपऱ्यात, बोटभर आकारात. केन्सुकेची पळापळ तर अजून पहिल्या दिवसासारखी.

2024 साली स्टुडिओ ट्रिगरने केलेली 24 भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका नेटफ्लिक्सवर आहे. ड्रॅगन त्यात हलतो, आग रंगीत आहे, गच्च्यांचा गोंधळही कमी होतो. पण चित्र हलू लागलं की हसायला किती वेळ मिळणार ते दिग्दर्शक ठरवतो. पळणाऱ्या तलवारीवर मला जेवढं थांबायचं असतं तेवढं कागदच थांबू देतो.

गुण पाचपैकी साडेचार. अर्धा बांधणीचा कापला. एकटा चौथा खंड घेऊ नका, सुरीचं आणि तलवारीचं काय प्रकरण आहे ते पहिल्या तीन खंडांशिवाय कळणार नाही. शाकाहारी मंडळींनी बिनधास्त वाचावं, आम्ही घरात तेच करतो. बारा वर्षांखालच्या मुलांना देण्याआधी हाडांची आणि रक्ताची पानं आपण एकदा चाळून घ्यावीत. आणि ज्यांच्या घरी न विचारता पुस्तकं उचलणारी माणसं आहेत त्यांनी मुखपृष्ठावर कुठून उघडायचं त्याचा बाण काढून ठेवावा किंवा ठेवू नये, जशी ज्याची आवड.