ससे, वटवाघळं आणि निजामुद्दीनची मांजरं: मोठ्यानं वाचून पाहिल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकली की कादंबरीचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं, असा रिवाज पडलाय. ऐकणारे दोघं: अकरा वर्षांची लेक आणि शाळेसाठी आमच्याकडेच राहणारा आठ वर्षांचा भाचा. पुस्तकं इंग्रजी, भाच्याची शाळा मराठी, त्यामुळे अवघड वाक्य आलं की तिथल्या तिथे मराठीत सांगायचं आणि पुढे सरकायचं. दोघांची अट एकच होती. नायक प्राणीच हवा आणि त्याच्यावर खरंखुरं संकट यायला हवं. ‘पंचतंत्र’ त्यांना पाठ आहे. शेवटी तात्पर्य येणार हे माहीत झाल्यापासून त्यातल्या सिंहाची भीतीच उरली नाही.

पुस्तक संपल्या संपल्या ‘मस्त होतं’ असं मुलं म्हणतातच, त्यावर जाऊ नये. दोन-तीन महिन्यांनी त्यातलं काय खेळात येतं, कशावरून भांडण होतं, ते बघून मी हे लिहितेय.

त्या हिशेबानं पहिला नंबर रिचर्ड ॲडम्सच्या ‘वॉटरशिप डाउन’चा. ॲडम्सनं ही गोष्ट आधी गाडीतून लांब जाताना आपल्या दोन मुलींना सांगितली, मग लिहून काढली. बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवली आणि शेवटी १९७२ साली ती छापून आली. पुढे तिला मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी पदकही मिळालं. गोष्ट इंग्लंडमधल्या हॅम्पशरची. सशांची बिळं असलेल्या जमिनीवर घरं बांधायचं ठरलेलं असतं. फायव्हर नावाच्या किरकोळ अंगाच्या सशाला काहीतरी भयंकर येतंय असं जाणवतं, मुखिया त्याला उडवून लावतो आणि मूठभर ससे रातोरात बाहेर पडतात. तलवार नाही, मंत्र नाही. जादू म्हणायची तर फायव्हरला आधीच दिसणारं आणि सशांच्या स्वतःच्या दंतकथा, एवढीच.

तरीही ती पकडते, कारण ॲडम्सचे ससे ससेच राहतात. त्यांना चारपर्यंतच मोजता येतं, त्यापुढचं सगळं ‘पुष्कळ’. मोकळ्या मैदानात ते भेदरतात आणि फार घाबरले की जागच्या जागी थिजतात. सशांच्या वागणुकीवरचं रोनल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाचं पुस्तक ॲडम्सनं मन लावून वाचलं होतं आणि ते पानोपानी जाणवतं. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. रानात कुत्रा मोकाट सुटलाय, समोर ओढा आणि दोघा सशांच्यात पोहण्याचं त्राण नाही. त्यांना तरंगत्या फळीवर बसवून ढकलता येईल हे एकट्या ब्लॅकबेरी नावाच्या सशाला सुचतं. बाकीच्यांना तो काय म्हणतोय तेच कळत नाही! भाचा अंथरुणात उठून बसला आणि ‘अरे, बसवा ना त्यांना फळीवर!’ म्हणून ओरडायला लागला. वाचणाऱ्याला नायकापेक्षा जास्त कळतंय आणि तरी काही करता येत नाही, ही मजा माणसांच्या गोष्टीत इतकी सहज मिळत नाही.

तक्रारीही आहेत. पुस्तक चारशेहून जास्त पानांचं, स्वस्त आवृत्तीची छपाई बारीक. इंग्रजी झाडाझुडपांची नावं इतकी येतात की मी निम्मी गाळली. पन्नासही प्रकरणांच्या डोक्यावर जुन्या साहित्यातली अवतरणं आहेत, तीही मुलांसमोर खुशाल सोडा. बिगविग फासात अडकतो तो भाग आणि मूळ वसाहतीचं काय झालं हे होली सांगतो तो भाग झोपायच्या आधी नको. आम्ही ते रविवारी सकाळी वाचले, तरी भाचा जेवताना गप्पच होता. शिवाय निघालेल्यांत एकही मादी नाही, हे लेकीनं पहिल्या आठवड्यातच पकडलं. पुढे त्यांना वंश चालवायला माद्या शोधाव्या लागतात. तिथे हायझेनथ्ले नावाची धीट सशीण येते म्हणून बरं, नाहीतर आमच्याकडे बंडच झालं असतं.

‘रेडवॉल’वर माझं आणि लेकीचं जमत नाही. ब्रायन जॅक्स हा लिव्हरपूलचा माणूस, तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवायचा. मुलांना वाचून दाखवता दाखवता त्यांच्यासाठीच त्यानं हे लिहिलं, १९८६ साली ते प्रसिद्ध झालं आणि पुढे मालिका बावीस पुस्तकांपर्यंत गेली. कानांसाठी लिहिलेलं असल्यामुळे मोठ्यानं वाचायला इतकं सोयीचं दुसरं पुस्तक मला मिळालेलं नाही. मेजवान्यांची वर्णनं तर अशी की जेवून उठलेल्या मुलांना परत भूक लागते. पण गोष्ट ज्या मठात घडते तिथले उंदीर म्हणजे झगे घातलेली माणसंच. शेपट्या काढून टाकल्या तरी कथेचं काही अडणार नाही. आणि घुशी, मुंगसासारखे दिसणारे ते विझल, फेरेट वगैरे जन्मतःच दुष्ट! ‘एक तरी चांगली घूस असेलच ना?’ असं भाच्यानं विचारलं. लेकीला यातलं काहीच खटकत नाही. तिनं पुठ्ठ्याची ढाल केली आणि ती अजून दाराशी उभी आहे, म्हणजे माझ्याच कसोटीवर हे पुस्तक पास झालं.

चांगली घूस भाच्याला मिळाली ती रॉबर्ट ओब्रायनच्या ‘मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह’मध्ये. १९७१चं पुस्तक, पुढच्या वर्षी मुलांच्या पुस्तकांसाठीचं अमेरिकेतलं न्यूबेरी पदक. नायिका चार पिल्लांची विधवा आई, उंदरीण. धाकट्याला न्यूमोनिया झालाय, त्याला थंडीत हलवता येत नाही आणि शेतकरी तर नांगर काढायच्या बेतात आहे. एवढ्या घरगुती पेचातून गोष्ट सुरू होते आणि ‘निम्ह’ या प्रयोगशाळेतून पळालेल्या, लिहा-वाचायला शिकलेल्या घुशींपर्यंत पोचते. अमेरिकेत जॉन कॅल्हून या शास्त्रज्ञानं उंदरांच्या दाटीवाटीच्या वस्तीवर प्रयोग केले होते, त्यांचा धागा यात आहे. या घुशींना माणसांची वीज चोरून जगण्याचीच लाज वाटते, ही कल्पना मला फार आवडली. पुस्तक आटोपशीर आहे, वाचायची सवय नसलेल्या घरानं इथून सुरुवात करावी.

कॅनडाच्या केनेथ ओपेलचं ‘सिल्व्हरविंग’ (१९९७) दिवे मालवून ऐकण्यासारखं. शेड हे वटवाघळाचं अशक्त पिल्लू. वटवाघळांनी सूर्य बघायचा नाही हा नियम तो मोडतो, घुबडांचं वैर ओढवून घेतो आणि स्थलांतराच्या वाटेवर वादळात टोळीपासून तुटतो. आवाजाच्या प्रतिध्वनीनं त्याला जग दिसतं आणि वाटेचा नकाशासुद्धा थोरल्यांकडून आवाजातच मिळतो. आमच्या गल्लीच्या टोकाला वडावर मोठी वटवाघळं लटकतात. तीही कानानंच बघतात, असं भाचा शाळेत सांगून आला. ती फळं खाणारी, मोठ्या डोळ्यांची, त्यांचं काम नजरेवर आणि वासावर चालतं. शेडची जात किडे खाणारी. हे समजावताना एक अख्खी संध्याकाळ गच्चीवर गेली. गॉथ नावाचं मांसाहारी वटवाघूळ येतं तो भाग मात्र जरा बेतानं वाचा, तो चांगलाच भीतिदायक आहे.

आपल्याकडचं एक नाव आवर्जून घेईन: नीलांजना रॉय यांचं ‘द वाइल्डिंग्ज’ (२०१२). दिल्लीच्या निजामुद्दीनमधली भटकी मांजरं मिशांतून एकमेकांशी जोडलेली असतात आणि मारा नावाच्या पिल्लाची हाक त्या सगळ्यांहून लांब जाते, पार प्राणिसंग्रहालयातल्या वाघापर्यंत. इथे झाडांची नावं गाळावी लागली नाहीत. घार, मुंगूस, उन्हाची काहिली, बंद पडलेलं घर, सगळं ओळखीचं. प्रभा मल्ल्या यांची चित्रं सुंदर आहेत. शेवटची झुंज रक्तबंबाळ आहे, त्यामुळे दहाच्या आतल्यांना थांबवा. भाच्याला आम्ही ती झुंज दोन वाक्यांत सांगून टाकली.

मोठ्यांपैकी कुणाला प्राण्यांच्या टोळीचं राजकारण निखळ हवं असेल तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वाचा. त्यात जादू अजिबात नाही, वानरांच्या टोळ्या आणि हाणामारी. मुलांना वाचून दाखवण्याचं ते पुस्तक नव्हे.

‘वॉरियर्स’बद्दल बरेच जण विचारतात. एरिन हंटर या एका नावाखाली अनेक लेखिका मिळून ही मालिका लिहितात, २००३ पासून. रानमांजरांच्या चार टोळ्या आणि त्यांत शिरलेला एक पाळीव बोका. भाषा सोपी, प्रत्येक प्रकरण अर्ध्यावर तोडलेलं, त्यामुळे मोठ्यानं वाचायची गरजच पडत नाही, लेक एकटीच पुढे पळाली. पण सहा सहा भागांचे संच एकामागून एक येतच राहतात, म्हणून विकत घेण्याआधी वाचनालयात विचारा.