वेल्ह्याच्या चिखलात गुरखा: दोन डिफ लॉक आणि फोर-लो

मी गुरांची डॉक्टर. राहायला पुण्याच्या धायरीत, काम खानापूर-पानशेतच्या बाजूला आणि पाबे घाट उतरून वेल्ह्याकडे. व्यालेली म्हैस मिल्क फीवरने (रक्तातलं कॅल्शियम घटल्याने) खाली बसली की शिरेतून कॅल्शियमची बाटली लवकरात लवकर सुरू व्हायला हवी, तिथे वाट खराब होती हे कारण चालत नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू कामाच्या गाडीचा आहे. रविवारी डोंगरात फिरायला गाडी हवी असणाऱ्यांनी तो त्या हिशेबानेच वाचावा.

माझी गाडी फोर्स मोटर्सची तीन दारांची गुरखा, २०२१ चं मॉडेल. २.६ लिटरचं डिझेल, ९० हॉर्सपॉवर. आकडा वाचून लोक नाक मुरडतात. पण माझ्या कामाचा आकडा दुसराच आहे: २५० एनएम टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, तोही १४०० आरपीएमपासून (इंजिनचे मिनिटाला फेरे). डांबर संपून वस्तीची वाट लागली की भातखाचरांच्या कडेने चिकट माती, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या आणि गोठ्याच्या तोंडाशी उभा चढ. अशा ठिकाणी इंजिन खालच्या आरपीएमला न गुदमरता ओढतंय का, एवढंच मी बघते.

आता मुद्द्याचं, म्हणजे डिफ लॉक. डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मध्ये बसलेली, दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जोडणी. साध्या डिफरन्शियलमध्ये एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क जातो. एक चाक चिखलात गरगरायला लागलं की त्याला फिरायला जोरच लागत नाही, आणि मग कोरड्या दगडावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. गाडी फोर व्हील ड्राइव्ह असली तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक असं घसरलं की ती जागेवरच. लॉक टाकला की ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढतं. वेल्ह्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एका गोठ्यावरचे आजोबा वाकून गाडीतले लॉकचे दांडे बघत म्हणाले, “ताई, हे आमच्या ट्रॅक्टरच्या टाचेखालचं पेडलच की!” अगदी तेच. फक्त ट्रॅक्टरला ते मागच्या ॲक्सलला असतं, गुरखाला कंपनीकडूनच पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक येतो, वेगवेगळ्या दांड्यांवर.

माझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही, आणि या कामासाठी मला त्याची उणीव वाटत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, त्यामुळे डिफरन्शियलमधून दुसऱ्या चाकाकडे टॉर्क जातो. कल्पना उत्तम आहे. मारुतीच्या जिम्नीत हेच आहे, मेकॅनिकल लॉक नाही, आणि बाराशे किलोच्या आसपासची ती हलकी गाडी चिखलात भल्याभल्यांच्या पुढे निघते. पण ब्रेकला काम सुरू करायला आधी चाक घसरावं लागतं. चिकट मातीत चाक घसरलं की खड्डा खोल होतो आणि टायरच्या नक्षीत माती भरते. लॉक मी चढाच्या आधीच टाकते, म्हणजे चाक गरगरायची वेळच येत नाही. महिंद्रा थारच्या काही व्हेरिएंटना मागे मेकॅनिकल लॉक आहे, तो दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की आपोआप बसतो. सोय म्हणून चांगलाच आहे. मला मात्र लॉक कधी बसणार हे माझ्या हातात असलेलं आवडतं.

फोर-लोबद्दल, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हच्या हळू पण जोरदार रेंजबद्दल, लोक कमी बोलतात. माझ्या मते लॉकपेक्षाही आधी त्याचं मोल कळायला हवं. लो रेंजमध्ये वेग कमी होतो आणि त्याच पटीत चाकावरचा टॉर्क वाढतो. जिम्नीत साधारण दुप्पट, थारमध्ये जवळपास अडीचपट. चढाला क्लच घासत बसावं लागत नाही. खरी किंमत कळते ती उताराला. गोठ्यावरून परत निघताना ओल्या मातीत ब्रेक दाबला तर चाकांची पकड जाऊन गाडी घसरगुंडीसारखी सुटते. फोर-लो, पहिला गिअर, क्लच आणि ब्रेक दोन्हीवरून पाय काढायचे. इंजिनच गाडी धरून ठेवतं, आणि मागे ठेवलेल्या औषधांच्या पेटीतल्या बाटल्या एकमेकींवर वाजतसुद्धा नाहीत.

लॉक वापरायची शिस्त मात्र पाळावीच लागते. चाकं फिरत असताना दांडा ओढायचा नाही; आधी थांबायचं, मग हळूच पुढे घ्यायचं, म्हणजे दात नीट जुळतात. आधी मागचा, त्याने भागलं नाही तरच पुढचा. पुढचा लॉक बसला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जाऊ बघते आणि अरुंद बांधावर ते धोक्याचं आहे. डांबर लागायच्या आत लॉक काढायचे आणि टू व्हीलवर यायचं, नाहीतर वळणावर ॲक्सल आणि गिअरबॉक्सवर विनाकारण ताण येतो.

टायरचं महत्त्व या सगळ्याइतकंच. चिखलात मी हवा २० पीएसआयच्या आसपास आणते आणि डांबरावर लहान कॉम्प्रेसरने परत भरते. पुण्यातल्या एका दुकानाने मला “आवाज कमी येतो” म्हणून हायवे टायर गळ्यात मारायचा चंग बांधला होता. दोन लॉकच्या गाडीला गुळगुळीत टायर लावून काय मिळवायचं?

शहराचं थोडक्यात. नवले पुलाच्या गर्दीत उंच बसल्याने पुढचं छान दिसतं. तीन दारांत मागच्या दोन सीटवर जायला कसरत आहे, आणि हायवेवर ९० हॉर्सपॉवरला घाई मानवत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर पाच दारांची घ्या. २०२४ च्या गुरखाला १४० हॉर्सपॉवर आणि ३२० एनएम मिळालेत, फोर व्हील आता दांड्याऐवजी गोल नॉबवर आहे, आणि पुढचा-मागचा लॉक दोन्ही कायम आहेत.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमच्या डांबरावर चक्कर मारून परत येऊ नका. मातीच्या ढिगावर एक पुढचं आणि त्याच्या तिरप्या बाजूचं मागचं चाक उचलेल अशी गाडी उभी करायला सांगा. आधी लॉकशिवाय निघून बघा, मग मागचा लॉक टाकून. तेवढं दाखवायला तयार नसतील तर दुसरा डीलर बघा.