आधी राजीनामा, की आधी उमेदवारी अर्ज?

हातात एक पद आहे आणि निवडणूक लढवायचं मनात आहे, अशा माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा: सोडायचं कधी? सरकारी नोकराला आधी मोकळं व्हावंच लागतं. आमदाराला बहुतेक वेळा नाही.

नोकरीचं सविस्तर बघू, कारण खरी फरफट तिथेच होते. शासनाचं लाभाचं पद (म्हणजे सरकारकडून पगार किंवा आर्थिक लाभ मिळणारं पद) धारण करणारी व्यक्ती राज्यघटनेच्या कलम १९१ नुसार विधानसभेला आणि कलम १०२ नुसार लोकसभेला अपात्र ठरते. पात्रता बघतात ती अर्जांच्या छाननीच्या दिवशी. म्हणून नुसता राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झाल्याचं पत्र हातात लागतं.

२०२२ ची अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक आठवा. ऋतुजा लटके मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार भरूनही राजीनामा मंजूर होईना. अर्जाचा शेवटचा दिवस १४ ऑक्टोबर. १३ तारखेला मुंबई उच्च न्यायालयाने 'उद्या सकाळी ११ पर्यंत मंजुरीचं पत्र द्या' असा आदेश दिला, तेव्हा कुठे अर्ज भरला गेला, आणि त्या निवडून आल्या. मध्य प्रदेशात निशा बांगरे यांना अशी वेळेत मंजुरी मिळाली नाही. उपजिल्हाधिकारीपदाचा राजीनामा त्यांनी जून २०२३ मध्ये दिला, मंजुरी आली ऑक्टोबरमध्ये. तोवर काँग्रेसने आमला मतदारसंघाची उमेदवारी दुसऱ्याला दिली होती.

राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती, हाही हिशेब मांडा. महाराष्ट्राचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम ज्यांना लागू आहेत, त्यांची आधीची सेवा राजीनाम्याने बुडते आणि तिच्याबरोबर पेन्शनही. २० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झाली असेल तर स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. निवडणूक जाहीर झाल्यावर अर्ज केलात तर वेळ निघून गेलेली असते. २० वर्षांना वर्षभरच कमी पडत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ही निवडणूक सोडून द्या. आयुष्यभराची पेन्शन घरच्यांचीही असते. (१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांचा हिशेब वेगळा, तो लेखा शाखेत बसूनच करून घ्या.) विभागीय चौकशी चालू असेल तर मंजुरी अडू शकते. आणि सरकारी घरात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, टेलिफोनची थकबाकी नसल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्राला तो लागतो.

आमदाराचं गणित सोपं. २०२४ मध्ये रवींद्र धंगेकर पुण्यातून आणि सुधीर मुनगंटीवार चंद्रपुरातून लोकसभेला उभे राहिले, हरले, आमदारकी शाबूत राहिली. वर्षा गायकवाड आणि प्रणिती शिंदे जिंकल्या, मग त्यांनी विधानसभा सोडली. निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १४ दिवसांत हे करावं लागतं, नाहीतर लोकसभेची जागा जाते.

पक्ष बदलायचा असेल तर मात्र आमदारही नोकरदाराच्याच रांगेत येतो. दुसऱ्या पक्षाचं तिकीट घेतलं की राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, लागू होतं, म्हणून आधी राजीनामा. नीलेश लंके पारनेर सोडून नगरला लढले आणि खासदार झाले. राजू पारवे उमरेड सोडून रामटेकला लढले आणि दोन्हीकडून गेले. सोडलेली जागा परत मिळेलच असंही नाही: उदयनराजे भोसले यांनी २०१९ मध्ये साताऱ्याची खासदारकी सोडून त्याच जागेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले.

राजीनामा दिला की अपात्रता टळते, या भरवशावरही राहू नका. कर्नाटकात १७ आमदारांना अध्यक्षांनी अपात्र ठरवलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपात्रता कायम ठेवली, फक्त विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्याची बंदी काढली. असा अपात्र आमदार लगेच पोटनिवडणूक लढवू शकतो, पण पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा मूळ मुदत संपेपर्यंत मंत्री होऊ शकत नाही.