बागवेड्यांना भेटायला बोलवायचंय: घरची बाग, रोपांची देवाणघेवाण की मिळून काम?

फोनवर रोज एकमेकांच्या जास्वंदीची चौकशी करणारी माणसं एकदा समोरासमोर बसावीत असं वाटलं, की यजमानाला आधी एक निवड करावी लागते. घरच्या बागेत बोलवायचं, सार्वजनिक जागी रोपं-बियाण्यांची देवाणघेवाण ठेवायची, की सगळ्यांनी मिळून कुणाच्या तरी बागेत काम करायचं? मी तिन्ही करून पाहिलंय. कोण येणार आहे हे न बघता निवड केली, तर दोन तास अवघडून जातात.

घरची बाग

घरच्या बागेची सर दुसऱ्या कशालाही नाही, हे आधीच कबूल करते. फोटोत फक्त फूल येतं. त्या फुलाला ऊन किती तास मिळतं, कुंडी भिंतीपासून किती लांब आहे, घातलेलं पाणी खालून किती वेळात निघतं, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. शिवाय मेलेल्या रोपांच्या, कोपऱ्यात ढकलून ठेवलेल्या कुंड्या! माझ्याकडे सगळ्यात जास्त गप्पा त्या कोपऱ्यापाशी रंगल्या. मेलेल्या रोपाविषयी प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतंच.

खासगी बागा परक्यांसाठी उघडायची कल्पना जुनी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९२७ साली परिचारिकांच्या सेवेसाठी निधी जमवायला ६०९ बागा उघडल्या गेल्या. नॅशनल गार्डन स्कीम या नावाने तो उपक्रम आजही चालू आहे. पण तिथे लोक बाग बघून निघून जातात. आपल्याला तर आलेल्यांनी एकमेकांशी बोलायला हवंय, आणि घरची बाग कमी पडते ती इथेच. यजमान वाटाड्या होतो, बाकीचे त्याच्यामागून रांगेने फिरतात, आणि ज्याच्या बाल्कनीत पाचच कुंड्या आहेत तो हळूहळू गप्प होतो.

जागेचा हिशेबही आधीच करा. ओल्या मातीवरून दहा माणसं फिरली की माती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि पुढे पाणी नीट मुरत नाही. त्यामुळे भेटीच्या आदल्या संध्याकाळी वाफ्यांना पाणी घालू नका, चालायच्या वाटेवर फळ्या टाका. बाग गच्चीवर असेल तर कुंड्यांचं वजन आधीच बरंच असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि भिजलेली माती त्याहून जड. सगळे जण एकाच कठड्याशी गोळा होऊ देऊ नका. मुलं येणार असतील तर कण्हेर आणि डिफेनबेकिया त्यांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते.

देवाणघेवाण

अनोळखी माणसांसाठी याच्याइतकं सोपं निमित्त मला तरी सापडलेलं नाही. हातात कटिंग, म्हणजे लावण्यासाठी कापलेली फांदी, असलं की बुजऱ्या माणसालाही पहिलं वाक्य सुचतं: "हे कशाचं?" पुढचं संभाषण रोप सांभाळून घेतं. जागा मोठी असेल तर तीस-चाळीस जण आले तरी भार कुणा एकावर पडत नाही. कॅनडात व्हँकुव्हरला १९९० साली बियाण्यांच्या अशाच एका मेळाव्यातून 'सीडी सॅटरडे' सुरू झाला, आणि आता तिथल्या कितीतरी गावांत तो भरतो.

यातली पहिली खोट म्हणजे टेबल रिकामं झालं की माणसंही पांगतात. दुसरी खोट मला चांगलीच भोवली. एका भेटीतून मी जास्वंदीचं कटिंग आणलं. पानाच्या बेचक्यात कापसासारखा एक ठिपका होता. धूळ असेल म्हणून सोडून दिला. सहा आठवड्यांनी अकरा कुंड्यांवर पिठ्या ढेकूण! देणाऱ्याचा दोष नाही, मीच नव्या पाहुण्याला थेट जुन्यांच्या पंगतीत बसवलं होतं. आता आणलेलं काहीही दोन-तीन आठवडे वेगळं राहतं, आणि पानांची खालची बाजू रोज उलटून बघितली जाते.

पिठ्या निदान डोळ्यांना दिसतो. मातीतले सूत्रकृमी, म्हणजे अगदी बारीक जंत, दिसत नाहीत. ते मुळांवर गाठी करतात आणि रोप वर फक्त मलूल वाटतं. म्हणून मातीसकट रोपं नकोत असं आमंत्रणातच लिहा. कटिंग, बी आणि धुतलेले कंद चालतील, किंवा नव्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मुळं फुटलेलं रोप. टोमॅटो-मिरचीची रोपं असतील तर विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आधी साबणाने हात धुवायला सांगायला लाजू नका, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवरून त्या रोपांवर जातो.

बियाण्यांच्या पुडीवर नाव, काढल्याचं साल आणि वाण सरळ की संकरित (दोन वाणांच्या संकरातून केलेलं), एवढं हवंच. टोमॅटो आणि घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात, त्यामुळे सरळ वाणाचं बी साधारण आईसारखंच निघतं. भोपळा-काकडीचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वेलावरून काय घेऊन आली असेल, तिलाच ठाऊक. संकरित वाणाच्या फळातून काढलेल्या बियांचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात, म्हणजे प्रत्येक रोप वेगळं. हौसेनं लावायचं असेल तर जरूर द्या, पण सांगून द्या. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत कमजोर होतं, तर कोरडं ठेवलेलं टोमॅटोचं चार वर्षांनीही उगवू शकतं. साल लिहायचं ते यासाठी.

मिळून काम

कंपोस्टचा ढीग उलटा करणं, मोठ्या कुंड्या बदलणं, वेलासाठी मांडव बांधणं. हे ओळख झालेल्यांसाठी आहे. पहिल्याच भेटीत माणसाच्या हातात खुरपं दिलं, तर फुकटात काम करून घेतलं असं त्याला वाटेल, आणि ते अगदीच चुकीचंही नसेल. तिसऱ्या-चौथ्या भेटीला मात्र याच्यासारखी मजा नाही. चार जण मिळून मोठी कुंडी उलटी करतात तेव्हा कुणी कुणाला पाहुणा राहत नाही.

मग निवडायचं काय?

येणाऱ्यांपैकी निम्मे एकमेकांना पहिल्यांदा भेटत असतील, तर देवाणघेवाण. आकडा दहाच्या आत असेल आणि बरेचसे ओळखीचे असतील, तर घरची बाग, पण एका कोपऱ्यात कटिंगचं टेबल लावून. माझा कल अलीकडे या दुसऱ्या जोडाकडे जास्त आहे. टेबल रिकामं झालं तरी बाग उरते, आणि यजमानाला वाटाड्या व्हावं लागत नाही, कारण लोक हातातल्या फांदीची मूळ झाडं शोधत आपणहून फिरतात.

तारखेचाही घोळ होतो. बहुतेक जण बाग बहरात असताना बोलावतात. दिसायला ते छान, पण तेव्हा फांद्यांना कात्री लावायला हात धजत नाही, शिवाय फुलांवर आलेल्या फांदीचं कटिंग सहसा मुळं धरायला कुरकुर करतं. छाटणीच्या सुमाराला बोलावलं तर बाग बोडकी दिसेल, पण प्रत्येक जण भरल्या पिशवीने जाईल. मी छाटणीचीच वेळ धरते. बहर फोटोतही बघता येतो.

सकाळ की संध्याकाळ, हे तुमच्या झाडांना विचारा. कोणती फुलं कधी उघडतात-मिटतात यावरून वेळ सांगता येईल, अशी फुलांच्या घड्याळाची कल्पना स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली मांडली होती. चिनी गुलाब ऊन चढल्यावर उमलतो, गुलबक्षी दिवस कलल्यावर, आणि निशिगंधाचा वास अंधार पडल्यावर जास्त येतो. कटिंग घ्यायची असतील तर मात्र सकाळच बरी. फांद्यांत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे त्या लवकर कोमेजत नाहीत.

माझ्याकडून जाणारं आमंत्रण साधारण असं असतं:

"रविवारी सकाळी साडेआठ ते साडेदहा. येताना धुतलेली कात्री, ओला कागद, दोन रिकाम्या पिशव्या आणि चिठ्ठ्यांसाठी पेन. कटिंग किंवा बी आणा, मातीसकट रोप नको. आणायला काही नसेल तर रिकाम्या हाताने या; इथे छाटायला पुष्कळ आहे. पाऊस असेल तर बागेत न जाता ओट्यावर बसू."