बेबलडी : दोन पावसाळे वापरल्यावर, खास करून त्याच्या डिफॉल्ट मेट्रिकबद्दल

बेबलडी म्हणजे राउटरांच्या जाळ्यात पॅकेटं कुठल्या रस्त्यानं न्यायची ते ठरवणारा प्रोग्रॅम, आणि मेट्रिक म्हणजे रस्ता किती चांगला ते मोजायचा त्याचा हिशोब. राजापूरकडे आमची कलमांची बाग आहे, वर घर, मधे पॅकिंगची शेड, खाली पंपघर आणि वहाळापलीकडे काकांचं घर. फायबर फक्त आमच्या घरापर्यंत आलंय, बाकीकडे नेट न्यायला आधी एक तयार मेश किट (वायफायनं एकमेकांना जोडलेले डबे) घेतलं होतं, नाव लिहीत नाही. त्याचा हिशोब एकच, मधे नोड, म्हणजे डबे, जितके कमी तितका रस्ता चांगला. मग पंपघरातला डबा शेड सोडून थेट घरावरच्या डब्याला चिकटायचा, का तर एकच उडी, आणि ती लिंक जाते कलमांच्या आरपार, पाऊस लागला की ओल्या पानांत निम्मी पॅकेटं गायब. शेडवरून दोन उड्यांचा खणखणीत रस्ता रिकामा पडलेला आणि पंपाचा कॅमेरा बंद.

हा प्रकार नवीन नाही. एमआयटीच्या लोकांनी २००३ मधेच ईटीएक्स नावाचं माप मांडलं ते याच कारणासाठी. एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल ते मोजायचं, जाताना आणि येताना दोन्ही बाजूंनी, कारण वायफायमधे पोच परत आली नाही तर पॅकेट पुन्हा जातंच. दोन्ही बाजूंनी ५० टक्के पोचत असेल तर एक भागिले ०.२५ म्हणजे ४. दोन्ही बाजूंनी ९० टक्के असेल तर साधारण १.२३, अशा दोन उड्या धरल्या तरी अडीचच्या आत. आमच्या बागेचं अख्खं दुखणं या दोन आकड्यांत आहे.

म्हणून सगळीकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेले राउटर लावले आणि त्यावर बेबलडी घेतलं (प्रोटोकॉलचं नाव बेबल, त्याचा सध्याचा मानक दस्तऐवज आरएफसी ८९६६, जानेवारी २०२१ चा). मला सगळ्यात भावलं ते हे की यात तारेला आणि हवेला एकच फुटपट्टी लावलेली नाही. वायर्ड लिंकची किंमत ९६ (पैशांची नाही, रस्ता तोलायची, कमी तितकी बरी), शेवटच्या तीन हॅलोपैकी (शेजारचा राउटर आहे ना हे सांगणारे छोटे संदेश) दोन मिळाले की लिंक चालू, नाहीतर बंद, विषय संपला. वायरलेसला ईटीएक्स, आणि अगदी निर्दोष लिंक असली तरी किंमत २५६ पासून सुरू. म्हणजे तारेच्या दोन उड्या १९२, हवेच्या एका उडीपेक्षा स्वस्त, तिसरी आली की २८८ होऊन पारडं फिरतं. पंपघरासाठी मी कुठलाही आकडा बदलला नाही, पहिल्याच दिवशी पंपघर शेडवरून जायला लागलं आणि दोन्ही पावसाळे तिथूनच गेलं. गावात हे बघायला कोण बसणार आहे, बाबा फार तर डबा बंद करून चालू करतात, म्हणून खोक्यातून निघाल्या निघाल्या आत काय भरलेलं असतं यालाच माझ्या लेखी जास्त किंमत आहे.

आता एक खाच, ती मात्र नीट वाचा. काकांच्या घराकडे लांबची लिंक आहे म्हणून दोन्ही टोकांना बाहेर लावायचे सीपीई (अँटेनावाले वायफाय डबे) बसवले आणि ते राउटरला केबलनं जोडले. बेबलडीला दिसतो इथरनेटचा पोर्ट, त्याला ती तारच वाटणार, पलीकडे वहाळावरून हवेतून जातंय हे त्याला कसं कळावं? किंमत लागली ९६, आणि तीनात दोन हॅलो पोचत राहिले की लिंक ठणठणीत धरली जाते, मग अधूनमधून पॅकेटं पडली तरी हिशोबात येतच नाहीत. कॉन्फिगमधे त्या इंटरफेसला टाइप वायरलेस असं स्वतः लिहायचं, एक ओळ आहे, पण ती सापडेपर्यंत माझे तीन शनिवार गेले.

दुसरी मर्यादा मूळ पद्धतीतलीच आहे. हॅलो जातात मल्टिकास्टनं (एकदाच सगळ्यांना मिळून) आणि वायफायवर मल्टिकास्ट सहसा सगळ्यात कमी स्पीडला जातं, त्यामुळे हॅलो पोचले का एवढंच कळतं, लिंक ६ एमबीपीएसची आहे की ३०० ची ते कळत नाही. शेड ते घर माझ्याकडे दोन्ही बँड आहेत, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही निर्दोष असले की दोन्ही २५६. तिथे २.४ ला हातानं जास्त आरएक्सकॉस्ट (लिंकची मूळ किंमत) दिली, मग ५ वरून जायला लागलं. ८०२.११एस (वायफायचंच मेश मानक) मधलं एअरटाइम मेट्रिक किंवा दुसऱ्या एका मेश प्रोग्रॅममधलं, म्हणजे बॅटमन-अ‍ॅडव्हमधलं बॅटमन ५ स्पीड हिशोबात घेतात, ते मला तत्त्व म्हणून जास्त पटतं. पण बॅटमन ५ चा अंदाज वायफाय ड्रायव्हरकडून येतो आणि ड्रायव्हरनं काही सांगितलंच नाही तर त्याला ठोकताळा धरावा लागतो, आणि केबलनं जोडलेल्या सीपीईचा घोळ तिथेही आहेच, पोर्टचा स्पीड दिसतो हवेचा नाही. शिवाय बॅटमन-अ‍ॅडव्ह डिफॉल्टला बॅटमन ४ च घेतं, ५ मुद्दाम निवडावं लागतं आणि सगळ्या नोडवर एकच असावं लागतं. बेबलमधे एका नोडनं किंमत वेगळ्या रीतीनं मोजली तरी लूप (पॅकेटं गोल फिरत राहणं) होत नाहीत, म्हणून मी एकेका डब्याची सेटिंग सवडीनं बदलत गेलो आणि नेट चालूच राहिलं.

सगळे नोड एकाच बँडवर, एकसारखे राउटर, अधेमधे थोडी केबल, असं असेल तर बेबलडी टाका आणि आकड्यांना हात लावू नका. वेगवेगळ्या स्पीडच्या बऱ्याच लिंका असतील तर आरएक्सकॉस्ट हातानं द्यायची तयारी ठेवा. आणि बाहेरचा सीपीई केबलनं जोडला असेल तर ती टाइप वायरलेसची ओळ आधी टाका, मग शिडीवरून खाली उतरा.